बूट होताना अडकलेला सर्व्हर: आत शिरायचे मार्ग आणि त्यातला कोणता कधी निवडावा

सर्व्हर रीबूट केला. पिंगला उत्तर नाही, एसएसएच (दुरून लॉगिन) लागत नाही आणि कन्सोलवर (सर्व्हरच्या स्वतःच्या पडद्यावर) एक ओळ येऊन थांबली आहे. अशा वेळी मार्ग पुष्कळ असतात: डीबग शेल (शेल म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा), रेस्क्यू मोड, इमर्जन्सी मोड, थेट बॅश, जुना कर्नल (सिस्टीमचा गाभा), लाइव्ह यूएसबी (यूएसबीवरूनच चालणारी सिस्टीम), स्नॅपशॉट (डिस्कची आधी घेतलेली प्रत). त्यातला कोणता घ्यायचा हे माझ्या मते एकाच प्रश्नावर ठरतं. अडकलेला सर्व्हर तुम्हाला अडकलेल्या अवस्थेतच बघायचा आहे, की अडथळ्याला वळसा घालून आत जायचं आहे? पहिल्यात कारण सापडतं, दुसऱ्यात दुरुस्तीला जागा मिळते. बहुतेक जण सवयीने थेट रेस्क्यू मोड गाठतात आणि आत गेल्यावर बुचकळ्यात पडतात, कारण तिथे सगळं ठीकच दिसतं. दिसणारच. जे अडकत होतं ते रेस्क्यू मोडमध्ये सुरूच झालेलं नसतं.

आधी खरंच अडकलाय का ते बघा

अचानक वीज गेल्यानंतर मोठ्या डिस्कवर एफएसचेक (फाइलसिस्टीमची तपासणी) चालू असेल, तर कित्येक मिनिटं पडद्यावर काहीही हलत नाही. तेव्हा पॉवर बटण दाबणं म्हणजे नसलेलं नुकसान ओढवून घेणं. सिस्टमडी (बूट होताना सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) असलेल्या लिनक्सवर लाल चांदण्या इकडून तिकडे सरकत असतील आणि शेजारी ‘४३ सेकंद / १ मिनिट ३० सेकंद’ असा आकडा वाढत असेल, तर तो पूर्ण होऊ द्या. ९० सेकंद ही तिथली नेहमीची मुदत आहे. नेटवर्क लागण्याची वाट बघणारी सिस्टमडी-नेटवर्कडीची सर्व्हिस तर १२० सेकंद थांबते. मुदतीच्या जागी ‘नो लिमिट’ दिसलं, तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही.

पडदा नुसताच काळा असेल तर पुढच्या बूटला ग्रबच्या (कर्नल लोड करणाऱ्या बूटलोडरच्या) मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ (रेड हॅट घराण्यात ‘आरएचजीबी’) हे शब्द काढा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त करा. शेवटची ओळ कुठली येते त्यावरून निम्मा निर्णय होतो. ग्रबच्या आधीच थांबलं असेल तर पुढचे बहुतेक मार्ग बाद, लाइव्ह मीडियाच हवा. कर्नल किंवा इनिट-रॅम-एफएसमध्ये (मूळ डिस्क लागेपर्यंतची मेमरीतली छोटी फाइलसिस्टीम) थांबलं तर जुना कर्नल. सर्व्हिस सुरू व्हायला लागल्यावर थांबलं तर डीबग शेल.

डीबग शेल की रेस्क्यू मोड?

माझा कौल आधी डीबग शेलला. कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘सिस्टमडी.डीबग_शेल’ जोडलं, की बूटच्या अगदी सुरुवातीलाच नवव्या टर्मिनलवर रूटचं (सर्व अधिकार असलेल्या खात्याचं) शेल उघडतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ९ दाबून तिथे जायचं. पहिल्या टर्मिनलवर बूट अडकलेलंच असतं आणि तुम्ही शेजारून त्याच्याकडे बघत असता.

तिथे पहिली आज्ञा ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-जॉब्स’. मोठी यादी येते, पण बहुतेक नावांपुढे ‘वेटिंग’ असतं आणि एखाद-दुसऱ्यापुढेच ‘रनिंग’. वेटिंगवाल्यांच्या मागे लागू नका, ते बिचारे रांगेत उभे आहेत. रनिंगवाल्याचं स्टेटस बघा, मग त्याचा जर्नल (सिस्टमडीचा लॉग). इथे ‘सिस्टमडी-ॲनलाइझ ब्लेम’ मात्र उपयोगाचं नाही. बूट अजून संपलेलं नाही असं सांगून ते हात वर करतं, कारण ते हळू बूटसाठी आहे, अडकलेल्या बूटसाठी नाही.

सापडणारी कारणं ठरावीक असतात. एफस्टॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) नाव आहे पण डिस्क काढलेली आहे किंवा तिचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलला आहे. एनएफएसचा (नेटवर्कवरच्या फाइलसिस्टीमचा) माउंट, म्हणजे जोडणी, आहे आणि पलीकडचा सर्व्हर बंद आहे. किंवा कुणीतरी घरी लिहिलेली सर्व्हिस आहे. या तिसऱ्या प्रकाराकडे नीट बघा. ‘फोर्किंग’ असा टाइप दिलाय पण प्रोग्रॅम फोर्क करतच नाही (स्वतःची प्रत मागे चालू ठेवून बाजूला होत नाही), मग सिस्टमडी मुदत संपेपर्यंत ताटकळतं. ‘वनशॉट’ (एकदा चालून संपणाऱ्या) टाइपला तर सुरू होण्याची मुदत मुळात नसतेच. म्हणून त्यातली स्क्रिप्ट डेटाबेसची वाट बघत बसली, तर तिच्यामागे लावलेलं सगळं तसंच खोळंबतं. ते ‘नो लिमिट’ बऱ्याचदा इथूनच येतं. आणखी एक नामी गुंता: बूटमध्ये चालणारी स्क्रिप्ट आतून दुसरी सर्व्हिस ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट’ने सुरू करते आणि ती दुसरी सर्व्हिस या पहिलीनंतरच सुरू व्हावी असं लिहिलेलं असतं. दोघी एकमेकींची वाट बघत बसतात. रेस्क्यू मोडमध्ये हे कधीच दिसणार नाही, लिस्ट-जॉब्समध्ये पहिल्या नजरेत दिसतं.

डीबग शेलच्या मर्यादाही आहेत. मूळ डिस्कवरचं सिस्टमडी सुरू होण्याआधीच बूट थांबलं असेल तर ते उघडणारच नाही. हाताशी फक्त सिरियल कन्सोल (सिरियल पोर्टवरून मिळणारा नुसता अक्षरांचा कन्सोल) असेल तर नवव्या टर्मिनलवर जाता येत नाही. आणि हे शेल पासवर्ड विचारत नाही. कर्नलच्या ओळीतून दिलं तर पुढच्या बूटला ते आपोआप जातं, पण कुणी ती सर्व्हिस कायमची ‘एनेबल’ करून ठेवली, तर कीबोर्डपाशी येणारा कुणीही रूट होतो.

कारण आधीच माहीत असेल, म्हणजे दहा मिनिटांपूर्वी तुम्हीच एफस्टॅब बदलून रीबूट केलं असेल, तर मात्र रेस्क्यू किंवा इमर्जन्सी मोड सरळ पडतो. या दोघांत लोक फार घोळ घालतात. रेस्क्यू स्थानिक फाइलसिस्टीम माउंट करून मग शेल देतो. इमर्जन्सी फक्त रूट डिस्क (जिच्यावर मूळ सिस्टीम असते ती) घेतो, तीही बहुधा वाचण्यापुरती. त्यामुळे दोष एफस्टॅबमध्येच असेल तर रेस्क्यूही त्याच खड्ड्यात पडतो, तिथे इमर्जन्सीच मागा. आत गेल्यावर ‘माउंट’ला ‘रिमाउंट,आरडब्ल्यू’ देऊन डिस्क लिहिण्याजोगी करायची आणि ओळ दुरुस्त करायची. जी डिस्क नसली तरी सर्व्हर उठायला हवा, तिला ‘नोफेल’ लावा. मात्र डेटाबेसच्या डिस्कला ते डोळे झाकून लावू नका. डिस्क न लागताच सर्व्हर उठला आणि डेटाबेसने रिकाम्या फोल्डरवर नवा संसार थाटला, तर बूट अडकलं होतं तेच बरं होतं असं म्हणायची वेळ येईल.

दोन्ही मोड रूटचा पासवर्ड मागतात. उबुंटूत रूट खातं मुळातच लॉक असतं, त्यामुळे तिथे दार लागलेलं सापडण्याची शक्यता धरूनच चाला.

पासवर्ड नाही: थेट बॅश

कर्नलच्या ओळीत ‘इनिट=/बिन/बॅश’ दिलं की सिस्टमडीऐवजी बॅशच (नेहमीचं शेल) पहिली प्रोसेस होते. पासवर्ड नाही, सर्व्हिस नाहीत, जर्नल नाही, सिस्टमसीटीएलही नाही. ग्रबवर पासवर्ड नसेल तर हा मार्ग जवळजवळ कधीच अडत नाही, पण कारण शोधायला तो निरुपयोगी. एखादी फाइल सुधारायची, पासवर्ड बदलायचा आणि बाहेर पडायचं, एवढ्याचसाठी तो. बाहेर पडताना ‘एक्झिट’ टाइप करू नका. पहिली प्रोसेस मेली की कर्नल पॅनिक होतो. ‘सिंक’ करा, मग ‘रीबूट -एफ’. एसईलिनक्स (फाइलींच्या लेबलांवर चालणारी सुरक्षा व्यवस्था) चालू असलेल्या सर्व्हरवर पासवर्ड बदललात तर मूळ डिरेक्टरीत ‘.ऑटोरीलेबल’ नावाची रिकामी फाइल ठेवा. नाहीतर चुकीच्या लेबलमुळे बरोबर पासवर्ड देऊनही लॉगिन होणार नाही आणि तुम्ही तिसऱ्याच दिशेला शोधत बसाल. रेड हॅट घराण्यात याच कामाला ‘आरडी.ब्रेक’ जास्त वापरतात. तिथे खरी रूट फाइलसिस्टीम ‘/सिसरूट’खाली सापडते.

जुना कर्नल की लाइव्ह यूएसबी?

अपडेटनंतर लगेच अडकला असेल तर बाकी काही करण्याआधी ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडा. याहून स्वस्त चाचणी नाही. रेड हॅट घराण्यात साधारण ३ कर्नल ठेवलेले असतात. जुना उठला तर दोष नव्या कर्नलचा, त्याच्या ड्रायव्हरचा किंवा अर्धवट बनलेल्या इनिट-रॅम-एफएसचा. हा अर्धवटपणा बहुधा ‘/बूट’ भरल्यामुळे येतो, तेव्हा तिथली जागा बघा. जुनाही त्याच ओळीवर थांबला तर कर्नलवरचा संशय बराच उतरतो आणि डीबग शेलकडे परत येता येतं.

लाइव्ह यूएसबीला वेळ जास्त लागतो, पण दोन कामांसाठी दुसरा चांगला पर्याय नाही. एक, फाइलसिस्टीमच बिघडली असेल तर. माउंट असलेल्या डिस्कवर एफएसचेक चालवायचं नसतं आणि एक्सएफएस या फाइलसिस्टीमचं रिपेअरही माउंट नसलेलीच डिस्क मागतं. दोन, ग्रब किंवा इनिट-रॅम-एफएस पुन्हा बनवायचं असेल तर. तेव्हा मूळ डिस्क माउंट करून, ‘/डेव्ह’, ‘/प्रॉक’, ‘/सिस’ बाइंड करून ‘सीएचरूट’ने (त्या डिस्कलाच मूळ मानून) आत जायचं. एलव्हीएम (डिस्कचे लवचीक भाग पाडणारी व्यवस्था) असेल तर आधी व्हॉल्यूम ग्रुप ॲक्टिव्ह करा. कन्सोलवर डिस्कच्या वाचनाच्या चुका येत असतील तर दुरुस्तीआधी ‘डीडीरेस्क्यू’ने प्रत काढा. मरायला टेकलेल्या डिस्कवर एफएसचेक चालवणं तिला शेवटचा धक्का ठरू शकतं.

क्लाउडवर यूएसबी नाही, म्हणून डिस्क सोडवून दुसऱ्या व्हीएमला (आभासी यंत्राला) जोडायची. दोन्ही व्हीएम एकाच इमेजवरून बनले असतील तर एक्सएफएस ‘हाच यूयूआयडी आधी लागलाय’ म्हणून माउंट नाकारतो. ‘नोयूयूआयडी’ पर्याय दिला की काम होतं.

लिनक्स नसेल तर

फ्रीबीएसडीवर हे सगळं सोपं आहे, कारण तिथल्या आरसी (सर्व्हिस सुरू करणाऱ्या) स्क्रिप्ट एकामागून एक चालतात. जी शेवटी दिसली, बहुधा तीच दोषी. कंट्रोल-टी दाबलं की कुठली प्रोसेस चालू आहे आणि ती कशासाठी थांबली आहे हे एका ओळीत दिसतं. कंट्रोल-सी दाबून अडलेली स्क्रिप्ट बऱ्याचदा सोडून पुढे जाता येतं. होस्टचं नाव डीएनएसमध्ये सापडत नाही म्हणून सेंडमेल या मेल सर्व्हरपाशी मिनिटभर थांबणं हा तिथला जुना अनुभव. सिंगल-यूझर मोड लोडरच्या मेनूत २ दाबून मिळतो. झेडएफएस ही फाइलसिस्टीम असेल तर त्याच मेनूतून अपडेटआधीचं बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टीमची जपून ठेवलेली अवस्था) निवडता येतं आणि लिनक्सवाल्यांना हेवा वाटावा अशी ती सोय आहे. सोलारिसवर ‘माइलस्टोन=नन’ देऊन बूट करा आणि ‘एसव्हीसीएस -एक्स’ला विचारा. कोण अडलंय आणि कुणामुळे, दोन्ही ते सांगतं.

कुठलंच शेल मिळत नसेल तर

कर्नलच थिजला असेल तर ऑल्ट-सिसआरक्यू-डब्ल्यू करून बघा (सिसआरक्यू ही कर्नलला थेट आज्ञा देणारी कळ). अडकलेल्या टास्कची यादी कन्सोलवर येते. बऱ्याच डिस्ट्रोत सिसआरक्यू अर्धवट बंद असतं, म्हणून ‘सिसआरक्यू_ऑलवेज_एनेबल्ड’ हा पर्याय देऊन पुन्हा बूट करावं लागतं. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरपाशी पडदा गोठत असेल तर ‘नोमोडसेट’ द्या. कर्नल ५.४च्या आधीचा व्हीएम असेल आणि कीबोर्डवर काहीबाही दाबल्यावर बूट पुढे सरकत असेल, तर हसू नका. तो यादृच्छिक आकड्यांसाठी पुरेशी एंट्रॉपी जमण्याची वाट बघत असतो. त्या व्हीएमला व्हर्टआयओ-आरएनजी (होस्टकडून यादृच्छिक आकडे आणणारं आभासी उपकरण) जोडा.

स्नॅपशॉट परत आणू का?

गिऱ्हाईक खोळंबलं असेल, डेटा वेगळ्या डिस्कवर असेल आणि स्नॅपशॉट कालचाच असेल, तर आणा. डेटा त्याच डिस्कवर असेल तर मधल्या वेळेतलं सगळं लिहिलेलं जाईल, म्हणून तो शेवटचा उपाय. आणायचाच असेल तर आधी बिघडलेल्या डिस्कचाही स्नॅपशॉट घ्या, म्हणजे ती नंतर निवांत दुसऱ्या व्हीएमला जोडून जर्नल वाचता येईल. अर्थात जर्नल डिस्कवर लिहिला जात असेल तरच. ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी नसेल तर नेहमीच्या सेटिंगमध्ये तो फक्त मेमरीत राहतो आणि पॉवर बटणाबरोबर जातो. जे सर्व्हर आज नीट चालताहेत त्यांच्यावर ही डिरेक्टरी आणि सिरियल कन्सोल दोन्ही आहेत का, ते आजच बघून घ्या.