‘लॅम्स अप्रूव्ह्ड’ गाडी घेताना मी कसा फसलो

आमच्या साताऱ्याकडे गाडी म्हणजे दोन चाकांची. चार चाकांची असली तर तिला फोरव्हीलर म्हणतात. तर मेलबर्नला येऊन चार वर्षं झाल्यावर मी घरात गाडीचा विषय काढला. पाठिंबा शून्य. त्याला कारणही होतं. इथल्या नियमाने नवीन लायसन्सवाल्याला मागे कुणाला बसवता येत नाही. "म्हणजे तू एकटा फिरणार, मी घरात बसणार आणि पैसे दोघांचे," बायकोचं म्हणणं. बरोबरच होतं. तरी मी गाडी घेतली आणि फसलो. त्यामुळे ते वाक्य मला अजून अधूनमधून ऐकायला लागतं.

आधी लायसन्सचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. कॉलेजात असताना एजंटाने जे लायसन्स काढून दिलं त्यावर ‘विदाउट गिअर’ असा शिक्का होता. त्यावर पुढची पंधरा वर्षं मी मामाची स्प्लेंडर, मग मित्राची बुलेट, सगळं चालवलं. साताऱ्यात कुणी विचारलं नाही. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्यात मात्र त्या कागदाला मोटरसायकलपुरती काडीची किंमत नव्हती. सदतिसाव्या वर्षी विशीतल्या पोरांबरोबर मैदानात शंकू लावून आठ काढले, पिवळंजर्द जाकीट घालून लर्नर म्हणून फिरलो, परीक्षा दिली आणि रिस्ट्रिक्टेड लायसन्स मिळालं. त्यावर तीन वर्षं फक्त ‘लॅम्स’ यादीतली, म्हणजे नवशिक्यांसाठी मंजूर केलेली गाडी चालवायची.

लॅम्सचा हिशोब सोपा आहे. इंजिन 660 सीसीपर्यंत, आणि ताकद टनामागे 150 किलोवॅटच्या आत. वजनात गाडीबरोबर चालवणाऱ्याचे नव्वद किलो धरतात. म्हणजे गाडी 190 किलोची असेल तर दोन्ही मिळून 280, आणि इंजिनाला जास्तीत जास्त 42 किलोवॅटची परवानगी. आता गंमत अशी की साडेसहाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांची मूळ ताकद यापेक्षा जास्त असते. मग कंपन्या ऑस्ट्रेलियासाठी त्याच गाडीचं दाबलेलं रूप काढतात. यामाहाची एमटी-07 बाहेर 689 सीसीची आहे, इथे लॅम्ससाठी तिचं इंजिनच 655 सीसीचं केलं. काही गाड्यांत इंजिन तेच ठेवून थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, पूर्ण उघडू देत नाहीत आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वेगळा मॅप (सेटिंग) देतात. बाहेरून बघून काही कळत नाही. टाकी तीच, रंग तोच.

आणि जे दाबलेलं असतं ते मोकळंही करता येतं. हे मला ऐकून माहीत होतं. समोर उभ्या असलेल्या गाडीच्या बाबतीत ते आठवलं नाही, एवढंच.

होंडा सीबी 500 एक्स आणि रॉयल एन्फिल्डची इंटरसेप्टर 650 या दोन गाड्या मनात होत्या. इंटरसेप्टर चेन्नईहून येते, त्यामुळे तिच्याबद्दल उगाच माया. शिवाय या दोन्ही गाड्या मुळातच लॅम्समध्ये बसतात, त्यांत दाबायचं काही नसतं. हा मुद्दा तेव्हा मला किरकोळ वाटला होता. एक सीबी 500 एक्स जवळजवळ ठरलीच होती, पण पीपीएसआरवर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा चॅसी नंबर, टाकला तर गाडीवर कर्ज निघालं. ही सरकारी नोंदवही आहे. दोन डॉलर भरले की गाडीवर कर्ज आहे का, ती चोरीची आहे का, कधी राइट-ऑफ झाली होती (दुरुस्तीच्या पलीकडे गेली म्हणून मोडीत काढली होती) का, हे कळतं. दोन डॉलरने हजारो वाचवले म्हणून मी आठवडाभर मित्रांना शहाणपणा शिकवत होतो. फसायला इतकी चांगली मनःस्थिती दुसरी नाही.

मग ती जाहिरात आली. जपानी गाडी, जुळं सिलिंडर, साडेसहाशेच्या आतबाहेर. मॉडेल सांगत नाही, दोष कंपनीचा नाही. ‘लॅम्स अप्रूव्ह्ड, नवशिक्यांसाठी उत्तम, आरडब्ल्यूसीसह.’ (हे एक प्रमाणपत्र, त्याचं पुढे सांगतो.) किंमत 7,400 डॉलर. फार स्वस्त असती तर मी सावध झालो असतो. किंमत रास्त होती, बाजारभावापेक्षा दोन-तीनशेच कमी.

शनिवारी सकाळी मित्राला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. मामांनी शिकवलेलं सगळं केलं. पोचल्या पोचल्या इंजिनावर तळवा टेकवून बघितला, गार होतं, म्हणजे आधी गरम करून ठेवलेली नव्हती. पहिल्या फटक्यात सुरू झाली, धूर नाही. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं, कोनसेट कुठे अडकत नव्हता. शॉकअपच्या नळ्यांवर बोट फिरवलं, तेल नाही. टायरवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर दोन वर्षांचेच होते. चेन, स्प्रॉकेट, डिस्क, सगळं व्यवस्थित. मामा असते तर पाठीवर थाप मारली असती.

विकणारा तिशीतला, बोलायला मोकळा. चक्कर मारायची तर पैसे हातात द्या म्हणाला, ते मला पटलं. इथे तशी पद्धतच आहे, गाडी घेऊन कुणी पळालं तर काय करणार. मी नोटांचं पाकीट त्याच्या हातात दिलं आणि निघालो.

पुढे एक चढ होता. तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली आणि गाडी अशी उचलली गेली की मी टाकीवर पाय आवळून धरले. लर्नर असताना क्लासच्या दाबलेल्या साडेसहाशेवर बसलो होतो, ती याच रेसला जरा दमायची. ही दमलीच नाही. ज्या जागी संशय यायला हवा होता त्या जागी मला आनंद झाला. हेल्मेटच्या आत हसत परत आलो. तो म्हणाला, "ही गाडी तुला कधी कमी पडणार नाही बघ." केवढा मनमिळाऊ माणूस, असं मला वाटलं. खरं तर त्याने कबुली दिली होती.

अजूनही खुणा होत्या. सायलेन्सर कंपनीचा नव्हता. जुना कुठाय विचारलं तर घर बदलताना टाकला म्हणाला. सीटखाली डोकावलो तेव्हा टाकी धरून ठेवणाऱ्या बोल्टचं डोकं खरवडलेलं दिसलं. मित्र म्हणाला, सर्व्हिसिंगला उघडत असतील. आणि माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडे एकदा दाखवू का म्हटल्यावर विकणारा जरा थंड झाला. "आरडब्ल्यूसी आहे ना, आणखी काय हवं? दुपारी अजून दोघं येतायत बघायला."

आरडब्ल्यूसी म्हणजे रोडवर्दी सर्टिफिकेट. व्हिक्टोरियात गाडी नावावर करायला ते लागतं आणि ते तीस दिवसांच्या आतलं असावं लागतं. मी ते प्रमाणपत्र गाडीच्या पत्रिकेसारखं वाचत होतो. त्यात ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग, सांगाडा एवढं बघतात, गाडी रस्त्यावर धोका होणार नाही यापुरतं. इंजिनाची तब्येत त्यात येत नाही आणि गाडी माझ्या लायसन्सात बसते की नाही हे तर मुळीच नाही. पीपीएसआरचंही तेच. ते मी त्याच्या दारातच फोनवर काढलं आणि ते स्वच्छ निघालं. मॉडेलचं नाव लॅम्सच्या यादीत होतं, तेही बघितलं. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा खरोखर लॅम्समधलीच होती. यादीत ‘विनाबदल’ ही अट आहे, आणि बदल झालाय की नाही हे यादी सांगू शकत नाही. तिन्ही कागद खरे होते हो. माझा प्रश्न त्यातल्या एकातही नव्हता.

चार महिने मी ती गाडी चालवली. एकदा रिंग रोडला पोलिसांनी बाजूला घेतलं, लायसन्स बघितलं, फुंकर मारायला लावली आणि जा म्हणाले. तेव्हा मी निर्धास्त होतो. आज ती सकाळ आठवली की पोटात गोळा येतो.

मग जूनमध्ये, पावसात, राउंडअबाउटवर ओल्या पानांवरून मागचं चाक सुटलं. एकटाच पडलो, खांदा शेकला, बाकी धडधाकट. गाडीचा एक शॉकअप वाकला, हँडल, रेडिएटर, डावीकडचं प्लॅस्टिक गेलं. पूर्ण विमा होता, त्यामुळे त्या रात्री मी खांद्याला बर्फ लावून शांत झोपलो.

पाचव्या दिवशी वर्कशॉपमधून फोन आला, एकदा येऊन जा म्हणाले. टाकी उतरवलेली, एअरबॉक्स बाजूला ठेवलेला. मेकॅनिकने टॉर्च मारून थ्रॉटल बॉडीजवळची एक जागा दाखवली. बोटाच्या नखाएवढा धातूचा उंचवटा. मूठ पूर्ण पिळली तरी थ्रॉटल त्याच्यावर येऊन थांबावं म्हणून कंपनीने ठेवलेला. त्याचा वरचा अर्धा भाग ग्राइंडरने उडवलेला होता. आजूबाजूला सगळीकडे धूळ आणि तेलाचा काळा थर, आणि कापलेली कड मात्र चकचकीत. "ईसीयूचा मॅपही कंपनीचा नाहीये," तो म्हणाला. "हे तू केलंस?"

नाही म्हणालो. त्याने मान डोलावली. त्याचा विश्वास बसला की नाही, कळलं नाही.

विमा कंपनीचं पत्र दीड पानाचं होतं. गाडीत न कळवलेला बदल आहे, गाडी चालकाच्या लायसन्सच्या अटीत बसत नाही, सबब दावा नामंजूर. पॉलिसी काढताना ‘गाडीत काही बदल केले आहेत का’ या प्रश्नाला मी ‘नाही’ लिहिलं होतं, ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण त्यांच्या दृष्टीने उत्तर चुकीचं ते चुकीचं. दुरुस्तीला 3,900 डॉलर गेले. थ्रॉटलचा भाग बदलून ईसीयू मूळ स्थितीला आणायला आणखी 850.

विकणाऱ्याला फोन केला. त्याने नंबर बदलला नव्हता, उलट शांतपणे बोलला. "मी दिली तेव्हा लॅम्सच होती. चार महिने तुझ्याकडे होती. काय केलंस ते तुझं तुला माहीत." आणि फोन ठेवला. मी मोकळ्या हवेत उभा राहून त्याला मराठीत जे काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण मुद्दा त्याचाच वरचढ होता. माझ्याकडे काय होतं? जाहिरात विक्रीनंतर उतरली होती, मी तिचा स्क्रीनशॉट घेतला नव्हता. पावतीवर व्हीआयएन, रक्कम, तारीख आणि सही. ‘लॅम्स’ हा शब्द कुठेच नाही. ज्या एका कारणासाठी मी ती गाडी घेतली ते कारणच कागदावर नव्हतं.

मोफत कायदा सल्ला केंद्रात जाऊन आलो. परवानाधारक डीलरकडून घेतली असती तर ग्राहक कायद्याच्या हमी मागता आल्या असत्या. खासगी व्यवहारात त्यातल्या बहुतेक नाहीत. खोटं सांगून विकलं म्हणून मॅजिस्ट्रेट कोर्टात जाता येतं, पण खोटं सांगितलं होतं हे आणि बदल विक्रीच्या आधीचा आहे हेही मला दाखवावं लागेल. तिथल्या बाईंनी सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "घेतल्याच्या आठवड्यात कुठल्या मेकॅनिकने बघितली होती का?" नव्हती बघितली. पहिली सर्व्हिसिंग मी घरीच केली होती, पैसे वाचवायला.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? इंजिन उत्तम होतं. मामांच्या पद्धतीने तपासलं तर आजही त्यात खोट सापडणार नाही. मी मोडकी गाडी शोधत होतो आणि त्याने मला जास्तच चांगली गाडी विकली. सातारच्या गॅरेजात ‘पिकअप जास्त आहे’ ही तक्रार कुणी ऐकलेली नाही.

त्यानंतर ऑफिसातला एक नाशिकचा मुलगा, नुकतंच लायसन्स मिळालेला, गाडी बघायला निघाला तेव्हा मी बरोबर गेलो. आदल्या दिवशी त्याच्याकडून जाहिरातीचे फोटो काढून घेतले. त्या ब्रँडच्या डीलरच्या पार्ट काउंटरला व्हीआयएन देऊन विचारलं, ही लॅम्सची आहे का पूर्ण ताकदीची. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, पैसे नाही घेतले. तिथे गेल्यावर पावतीवर एक ओळ आधीच लिहून नेली होती: ‘गाडी लॅम्स स्थितीत आहे, ताकद वाढवणारा कोणताही बदल केलेला नाही.’ विकणाऱ्या बाईंनी ती वाचली, "अर्थात" म्हणाल्या आणि सही केली. तरीही टाकी उचलून घेतली, दोनशे डॉलर देऊन, मेकॅनिकसमोर. थ्रॉटल अडवणारा तो उंचवटा शाबूत होता, त्यावर धूळ सगळीकडे सारखी होती. पोरगा बिचारा कंटाळला होता.

आधी त्याने दुसरी एक गाडी निवडली होती. तिथे हीच ओळ पुढे केली तर मालक म्हणाला, असलं काही मी लिहून देत नाही. आम्ही चहा पिऊन परत आलो.

माझी गाडी अजून माझ्याकडेच आहे, आता दाबलेली. त्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली की अर्ध्यात येऊन ती दमते. मेलबर्नच्या टार्नेट-वेरिबी भागाकडे कुणी रिस्ट्रिक्टेड लायसन्सवर गाडी बघायला जाणार असेल तर शनिवारी सकाळी मी मोकळा असतो. टॉर्च माझ्याकडे आहे.