तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल : नऊ महिने ओढून झाल्यावर

माझा भाचा पंधरा महिन्यांचा होता तेव्हा त्याचा पायावर उभं राहून पहिला तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरांच्या लाकडी बैलांचा सण, आला. 2024 चा पोळा 2 सप्टेंबरला होता, तान्हा पोळा 3 ला. बैल आत्यानं घ्यायचा असं वहिनीनं आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, घरी खरी बैलजोडी आहे. त्यामुळे नुसता शोभेचा बैल मला नकोच होता. लेकराला रोज खेळता यायला हवा.

आठवडी बाजारात चकचकीत रंगाचे बैल साडेतीनशेपासून होते. एक प्लास्टिकचा होता, बटण दाबलं की डोळे लुकलुकायचे. तो मी लगेच खाली ठेवला. आत बटणासारखा चपटा सेल होता आणि झाकणाला स्क्रूसुद्धा नव्हता. असा सेल लेकरानं गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. रंगीत बैलांचा रंग नखानं खरवडला तर निघत होता. घरगुती रंगातल्या शिशाला 2017 च्या नोव्हेंबरपासून 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आहे, पण त्या बैलाला कोणता रंग फासलाय हे दुकानदारालाच ठाऊक नव्हतं. खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का 2021 पासून सक्तीचा आहे. तिथं एकावरही दिसला नाही.

शेवटी गावातल्याच सुताराकडे गेले. त्यांनी पहिलं विचारलं, "लेकरू केवळं हाये, ताई?" वय ऐकून म्हणाले, "मंग रंग नोको लावू, तोंडात घालन थो. जवसाचं तेल पाजा त्याले." शिंगं बोथट केली, कान वेगळे न चिकटवता त्याच लाकडात कोरले. सागाचा, वीतभर उंचीचा बैल, किलोभर वजनाचा. अकराशे रुपये घेतले. पैसे जास्त वाटले होते, आज वाटत नाहीत.

जवसाच्या तेलाबद्दल थोडं सांगते. हे तेल हवेत आपोआप सुकून लाकडावर पातळ थर धरतं. शेंगदाण्याचं तेल तसं सुकत नाही, चिकट राहतं आणि पुढे खवट वास येतो. मी दोन हात दिले, मधे आठवडाभर सुकू दिलं. तेलाचं फडकं मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, सुकताना ते आतून तापतं आणि पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा.

सणाच्या दिवशी घुंगरू, मोती, बेगड, झूल सगळं चढवलं. तोरणाखाली नेलं, घरोघरी बोजारा (लेकरांना देतात ते पैसे-खाऊ) मागून आणला. भाचा दादाच्या कडेवर, बैल माझ्या हातात. घरी आल्यावर मी एकेक मोती मोजून काढून ठेवला. तीन वर्षांच्या आतल्या लेकरासाठी कोणता तुकडा धोक्याचा, हे तपासायच्या नळीचं तोंड 31.7 मिलिमीटर रुंद असतं. तिच्यात मावेल तो तुकडा लेकराच्या घशात अडकू शकतो, आणि दहाचं नाणंसुद्धा तिच्यात मावतं.

मला वाटलं होतं, तो दोरी धरून बैल ओढेल. तसं झालं नाही. पहिले दोन-तीन महिने त्यानं बैल पाठीवर हात ठेवून ढकलला. चालता चालता मागं वळून पाहणं त्या वयात अवघड जातं, तोल जातो. दिवाळीनंतर एकदम ओढायला लागला. त्याच दिवाळीत घरात आलेली बॅटरीची गाडी पंधरा दिवसांत बंद पडली, ती आता माळ्यावर आहे. दोरी मी वीतभरच ठेवली होती, गळ्यात अडकण्याची भीती नको म्हणून.

तक्रारी आहेतच. सप्टेंबरच्या ओलीत चाकं फुगून आसाला घट्ट बसली, बैल नुसता घसरायचा. हिवाळ्यात छान फिरला. एप्रिलच्या उन्हात लाकूड सुकलं, पोटाखाली बारीक तडा गेला आणि एका चाकाचा खिळा ढिला झाला. तो मला अंगणात झाडताना सापडला. हात थरथरले माझे. त्याच दिवशी सुतारदादांनी चारही खिळे काढून बाभळीच्या खुंट्या ठोकल्या. पैसे घेतले नाहीत. घ्यायला गेलात तर खिळे आधीच नाकारा आणि लाकूड पुरतं वाळलेलं आहे का ते विचारा.

आता पोरगा दोन वर्षांचा झालाय. सकाळी आबा गोठ्यात कुटार (गुरांचा भुसा) टाकायला निघाले की हा बैल घेऊन मागोमाग जातो, त्याच्यापुढेही मूठभर कुटार ठेवतो आणि तो खाईपर्यंत उठत नाही. दोरी मी या आठवड्यात हातभर केली. तड्याला अजून तेल द्यायचं आहे. पण दिवसभर बैल तो सोडत नाही, म्हणून झोपल्यावर देईन.