सोलापूर ते न्यूयॉर्क: मुंबईची डायरेक्ट फ्लाइट की हैदराबादहून दुबईमार्गे?

पोरगं न्यू जर्सीत आणि आईवडील जुळे सोलापुरात, अशी घरं आता आपल्याकडे बरीच झालीत आणि तिकीट काढायची वेळ आली की सगळीकडे हाच वाद सुरू होतो.

आधी हवेतलं बघू. मुंबई-न्यूयॉर्क सरळ अंतर १२,५०० किमीच्या आसपास, नॉनस्टॉपला जाताना साधारण १६ तास. हैदराबाद-दुबई अडीच हजार, चारेक तास आणि पुढे दुबई-न्यूयॉर्क ११,०००, म्हणजे अजून १४ तास. वळसा हजारेक किमीचाच पडतो, पण दुबईत तीन तास बसायचं धरलं तर मुंबई पाच तासांनी पुढे. नेटवर दिसतं ते सरळ रेषेतलं अंतर असतं बरं का, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आकाश बंद केल्यावर काही विमानांना लांबून जावं लागलं, त्यामुळे तिकिटावरची वेळ बघा, किमी बघू नका.

पण आपण काय विमानतळावर राहतो का? मुंबई रस्त्याने ४०० किमी, पुण्यापर्यंत ठीक, पनवेलच्या पुढे ट्रॅफिक लागलं की आठ-नऊ तास कुठे गेले कळत नाही. हैदराबाद तीनशेच्या थोडं वर, नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद करत जायचं आणि आउटर रिंग रोड धरला की शहरात न शिरता थेट शमशाबादचं विमानतळ, साधारण सहा तास. म्हणजे ते पाच तासांचं अंतर दोन-तीनवर आलं की!

वंदे भारत सकाळी निघून दुपारी मुंबईत टेकवते, सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्रीची आहेच, पण मोठमोठ्या बॅगा घेऊन दादरला उतरायचं म्हणजे सोबत कोणीतरी धडधाकट पाहिजे. होटगी रोडच्या सोलापूर विमानतळावरून मुंबईचं विमान २०२५ मध्ये सुरू झालं, तासाभराचं काम, मस्त वाटतं. पण तिकीट वेगळं काढलं तर देशातल्या फ्लाइटला बहुतेक १५ किलोच चेक-इन आणि अमेरिकेच्या तिकिटावर बऱ्याचदा २३-२३ च्या दोन बॅगा, मग शेंगाचटणीच्या डब्यांसकट जास्तीच्या किलोंचे पैसे मोजा. आणि ते लेट झालं तर पुढची फ्लाइट तुमच्यासाठी थांबत नाही.

माझं मत विचाराल तर आईबाबा एकटे, पहिल्यांदा जात असतील तर डोळे झाकून मुंबई नॉनस्टॉप, एक दिवस आधी पोचून मुक्काम करायचा. दुबईत गेट शोधत फिरणं साठीच्या पुढे नको, व्हीलचेअर मिळते पण तिचीही वाट बघावी लागते. तरुण जोडपं असेल, सलग १६ तास बसून पाय आखडत असतील किंवा हैदराबादहून तिकीट चांगलं स्वस्त मिळत असेल तर खुशाल दुबईमार्गे जा, फक्त सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या म्हणजे बॅगा थेट न्यूयॉर्कला निघतात.

परतीला वारा पाठीमागून असतो, नॉनस्टॉपला तास-दीड तास कमी लागतो. तरी मध्यरात्री मुंबईत उतरून लगेच गाडीने सोलापूर गाठायचा प्लॅन करू नका, ड्रायव्हरची झोप झालेली नसते.