४६ नगांचा गोटी सेट: दीड वर्ष झालं, सहा नग वापरले

हा सेट मी ऑनलाइन ५४९ रुपयांना घेतला. गोटी म्हणजे सॉकेट, नट-बोल्टच्या डोक्यावर बसणारी. ब्रँड सांगून उपयोग नाही, कारण हाच डबा पाच-सहा नावांनी विकतात आणि आतला माल एकच असतो. पाव इंची चौकोनाचं रॅचेट (एका बाजूला पकडणारी, दुसऱ्या बाजूला मोकळी फिरणारी दांडी), ४ ते १४ नंबरच्या गोट्या, दोन एक्स्टेन्शन, एक लवचिक दांडी आणि उरलेल्या जागेत नुसते स्क्रूचे बिट. बिट धरून मोजले की ४६ भरतात.

मी मिरजेत एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी साडेसहाला ड्युटी. त्या वेळी गाडी रुसली तर गॅरेजचं शटर कोण उघडणार? म्हणून आमच्या ॲक्टिव्हाची बारीकसारीक कामं घरीच शिकले. पहिल्यांदा अंगणात पोतं अंथरून बसले तेव्हा बाबा म्हणाले, "आता गाडीचंपण रक्त काढणार काय?"

आधी चांगलं सांगते. स्कूटरला जिकडे बघाल तिकडे ८ आणि १० चे बोल्ट. पॅनल असो, बॅटरीची टर्मिनल असोत, बेल्टचं कव्हर असो, या दोन गोट्या आणि लांब एक्स्टेन्शन असलं की निम्मी गाडी मोकळी होते. रॅचेटमुळे अडचणीच्या जागी पाना पुन्हा पुन्हा काढून लावायला लागत नाही. पॅनल पहिल्यांदा काढायला मला पाऊण तास लागला होता, आता बारा मिनिटं. (काढलेले बोल्ट मी सॅम्पलच्या कोऱ्या डब्यांत ठेवते, वर मार्करने लिहून: 'कव्हर वर', 'कव्हर खाली'. बोल्टांची लांबी वेगवेगळी असते, अदलाबदल झाली की पंचाईत.)

बिट मात्र अगदीच भिकार. एअर फिल्टरच्या झाकणाचे स्क्रू काढताना प्लसचं टोक दुसऱ्याच स्क्रूला पिळलं. सगळा दोष बिटचा नाही, हेही खरं. जपानी धर्तीच्या स्क्रूची खाच दिसायला फिलिप्ससारखीच असते, पण साधं फिलिप्सचं टोक तिच्यात नीट तळाला टेकत नाही. जोर लावला की वर सरकतं आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं. आता मी तिथे चांगला जाड स्क्रूड्रायव्हर वापरते, आधी मागून हातोडीची एक टिचकी देऊन. आणि आतला फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर हवा मारून साफ करू नका, तो बदलायचाच असतो.

खरी परीक्षा बेल्टला झाली. मीटर २६,४०० वर होता. चढाला इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी उचल घ्यायची नाही. डाव्या बाजूचं कव्हर उघडलं, आत सगळीकडे काळी पूड. बेल्टच्या दातांच्या मुळाशी बारीक चिरा दिसत होत्या. इथवर सेटने साथ दिली. पुढे व्हेरिएटरचा, म्हणजे बेल्ट फिरवणाऱ्या पुढच्या पुलीचा नट. पाव इंची रॅचेटचं ते कामच नव्हे, मला मात्र ते दातांचा कट्ट आवाज झाल्यावर कळलं. त्या दिवसापासून रॅचेट उलट्या बाजूला घसरतं.

मग काय, पोट उघडं टाकलेली गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या मेकॅनिककाकांकडे. त्यांनी हवेची गन लावली, टर्रर्र, नट हातात. त्या पुलीतले सहा रोलर बाहेर काढले तर गोल एकही नाही, सगळ्यांना एका बाजूने सपाट घट्टा पडलेला. वेग वाढला की हे रोलर बाहेर फेकले जातात आणि पुलीची तबकडी ढकलतात, त्यामुळे बेल्ट वर चढतो. सपाट झालेला रोलर सरकणार कसा? बेल्ट आणि रोलर मी घेऊनच गेले होते. काका म्हणाले, "ताई, बेल्टवरचा बाण बघून घाला. आणि आधी बेल्ट मागच्या पुलीत खोल दाबून घ्या, म्हणजे पुढे ढिला राहतो. नाहीतर बेल्ट मधे चिमटला जातो, नट आवळल्यासारखा वाटतो आणि चार दिवसांनी सुटतो." हे मी बघितलेल्या एकाही व्हिडिओत नव्हतं. मजुरी पन्नास रुपये घेतली, चहा वर.

कव्हर घरी आणून बसवलं, तिथे माझी चूक. ८ च्या गोटीचे बोल्ट आट्याला ६ मिलिमीटरचे आणि केसिंग ॲल्युमिनियमचं. रॅचेटची दांडी हाताला काही सांगतच नाही. शेवटून दुसरा बोल्ट आवळता आवळता एकदम हलका झाला. आटे गेले! भोकात नव्या आट्यांची कॉइल बसवून घ्यायला २५० रुपये, म्हणजे सेटची जवळजवळ निम्मी किंमत.

त्यानंतर सांगलीला गणपती पेठेत गेले आणि ८, १० आणि १२ चे तीन टी पाने (T आकाराची दांडी, खाली पक्की बसवलेली गोटी) घेतले, मिळून ३६० रुपयांना. टी पाना दोन बोटांनी फिरवून बोल्ट टेकवायचा, मग मनगटाने एक हलका पीळ. बस. बोल्ट कुठे थांबतो ते तळहाताला कळतं. गॅरेजात पोरांच्या हातात कायम टी पाना का असतो, हे मला दीड वर्षाने समजलं.

तेव्हा घरच्या स्कूटरसाठी विचारत असाल तर आधी टी पाने घ्या. प्लगचा पाना गाडीबरोबर आलेल्या किटमध्ये असतो, तो टाकून दिला नसेल तर शोधा. या सेटमध्ये तो नाही. हा सेट सायकल, मिक्सर, टेबलफॅन यांना ठीक. पाचपैकी अडीच तारे. अर्धा तारा लांब एक्स्टेन्शनचा, ते मी अजून टी पान्यांच्या जोडीने वापरते.

१० ची गोटी गेल्या महिन्यापासून सापडत नाही. सुटी मागितली तर हार्डवेअरवाला म्हणतो, अख्खा सेट घ्या.