‘हकलबरी फिन’ वाचून झाल्यावर कोणता समीक्षक हाती घ्यावा?

मार्क ट्वेनची ‘हकलबरी फिन’ संपवली की बहुतेकजण एकाच जागी अडतात. एकतिसाव्या प्रकरणात हक ते पत्र फाडतो. मिसिसिपी नदीवर तराफ्यावरून त्याच्यासोबत पळून आलेला गुलाम जिम कुठे आहे हे जिमच्या मालकिणीला, मिस वॉटसनला, कळवणारं, हकने स्वतःच लिहिलेलं पत्र. नरकात जावं लागलं तरी चालेल पण जिमला दगा द्यायचा नाही, हे तेरा-चौदा वर्षांच्या पोराने एकट्याने ठरवलेलं असतं. आणि मग हकचा मित्र टॉम सॉयर उगवतो. फेल्प्सच्या शेतावर कोंडलेल्या जिमला ‘सोडवण्याचा’ पोरखेळ सुरू होतो. त्याच्या खोपटात साप आणि उंदीर सोडले जातात, खाण्यात लपवून दोराची शिडी पाठवली जाते. शेवटी कळतं की मालकिणीने मरताना मृत्युपत्रात जिमला केव्हाच मोकळं केलं होतं, आणि टॉमला ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

या शेवटाचं काय करायचं? आणि जिम हा माणूस आहे की सोंग? या पुस्तकावरची महत्त्वाची भांडणं याच दोन प्रश्नांभोवती झाली आहेत. कादंबरी वाचून झाली आहे आणि समीक्षा एकदोनच वाचायला वेळ आहे, तर कोणाची वाचावी, एवढ्यापुरता हा आढावा.

सुरुवातीचा विरोध वेगळाच होता. 1885मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्डच्या वाचनालयाने पुस्तक काढून टाकलं ते भाषा गावंढळ आणि मुलगा वाह्यात म्हणून. यामुळे आपल्या पंचवीस हजार प्रती नक्की खपतील, असं ट्वेनने प्रकाशकाला कळवलं. जिमचं काय, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. हा भाग सोडून दिला तरी चालेल.

हेमिंग्वेचं मत बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’ या 1935च्या पुस्तकात तो म्हणतो की सगळं आधुनिक अमेरिकन साहित्य या एका कादंबरीतून निघालं. त्याच दमात तो असंही सांगतो की पोरांकडून जिमला पळवून नेतात तिथेच वाचणं थांबवावं, पुढची सगळी फसवणूक आहे. खरं तर त्या वेळी तिथे ‘पोरं’ नसतात, हक एकटाच असतो. टॉम अजून आलेलाही नाही. पण मला खटकतं ते दुसरंच. हेमिंग्वेचं ऐकून आपण तिथे थांबलो तर जिम चाळीस डॉलरला विकलेला आणि कुलपात अडकलेला, तसाच राहतो. कादंबरी देखणी व्हावी म्हणून त्याला तिथे सोडून यायचं, हे मला पटत नाही.

ट्रिलिंग आणि एलियट हे शेवटाचे वकील. समीक्षक लायनेल ट्रिलिंगची या कादंबरीला लिहिलेली प्रस्तावना 1948ची, कवी टी. एस. एलियटची 1950ची. दोघांच्याही मनात नदी भरून आहे. ट्रिलिंगला मिसिसिपी देवतेसारखी वाटते आणि हक तिचा सेवक. त्यासाठी तो एलियटच्याच कवितेतली नदी आणतो. एलियट तर त्याच नदीकाठच्या सेंट लुइसचा. तंबाखूसारख्या सवयी लागतील या धास्तीने आईवडिलांनी हे पुस्तक आपल्यापासून लांब ठेवलं असावं, असं तो लिहितो. शेवट ताणलाय हे ट्रिलिंग कबूल करतो, पण आकृतिबंधाच्या दृष्टीने तो योग्य ठरवतो. एलियटच्या मते गोष्ट सुरुवातीच्या सुरात परत येते, म्हणून ती तशीच संपायला हवी. गद्य सुंदर आहे. नदी आणि हकची बोली कशी ऐकावी हे या दोघांइतकं क्वचितच कोणी शिकवलं असेल. जिमबद्दल मात्र त्यांच्याकडून फारसं काही हाती लागत नाही.

त्यांना 1953मध्ये समीक्षक लिओ मार्क्सने उत्तर दिलं, आणि लेखाच्या शीर्षकातच दोघांची नावं घातली. त्याचा मुद्दा साधा आणि जबर आहे. नदीवरचा सगळा प्रवास मिस वॉटसनच्या जगापासून सुटण्यासाठी होता, मग शेवटी तीच बाई उदार होऊन जिमला मुक्त करते, म्हणजे प्रवासाला अर्थ काय उरला? ज्या जिमला तराफ्यावर आपण माणूस म्हणून ओळखायला लागलो होतो, तो पुन्हा हसण्यावारी नेला जातो. ट्वेनचा धीर शेवटी खचला, असा मार्क्सचा निष्कर्ष. महाविद्यालयात ही कादंबरी शिकवणाऱ्याने आधी ट्रिलिंग आणि मग मार्क्स असा जोड द्यावा. साहित्याचा युक्तिवाद कसा करतात, हे विद्यार्थ्यांना त्यातून दिसेल.

आणखी एक वाचन मला मार्क्सपेक्षाही जवळचं वाटतं. ट्वेनने ही कादंबरी 1876 ते 1883 या काळात थांबत थांबत लिहिली. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर काळ्यांना मिळालेले हक्क दक्षिणेत 1877पासून पुन्हा हिरावले जाऊ लागले, तो हाच काळ. कायद्याने सुटलेल्या माणसाला पुन्हा कोंडायचं आणि त्याच्या सुटकेचा तमाशा करायचा, हे तेव्हा दक्षिणेत खरोखर चाललं होतं. असं वाचलं की टॉमचा खेळ कंटाळवाणा राहत नाही, भयंकर होतो.

आता जिमकडे. गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्यांची सोंगं आणत, त्या मिन्स्ट्रेल खेळांच्या छापातून जिम घडला आहे, हे काळा कादंबरीकार राल्फ एलिसन 1958मध्ये स्पष्ट लिहितो. त्या मुखवट्याआडूनच जिमची प्रतिष्ठा दिसते, असंही तो म्हणतो. पण काळ्या वाचकाला एक गोष्ट टोचते, ती तो सोडत नाही: हक आणि जिमची मैत्री प्रौढ माणूस आणि मुलगा यांची न वाटता दोन पोरांची वाटते. लेखात हा भाग थोडकाच आहे, पण पुढच्या चर्चेची बीजं त्यात आहेत.

1996मध्ये दोन कादंबरीकार स्त्रियांनी या पुस्तकावर लिहिलं, आणि निवड करायचीच तर ती मी इथे करतो. जेन स्मायलीचा ‘हार्पर्स’मधला लेख संतापलेला आहे. हकला जिमविषयी चांगलं ‘वाटतं’ एवढ्यावर आपण खूश होतो, पण जिमच्या स्वातंत्र्याची इच्छा ना हक गंभीरपणे घेतो ना ट्वेन. नदीपलीकडे इलिनॉय हे मुक्त राज्य असताना तिकडे जाण्याचा विचारही होत नाही. यापेक्षा हॅरिएट बीचर स्टोवचं ‘अंकल टॉम्स केबिन’ वाचा, असं ती सांगते. इलिनॉयचा मुद्दा पूर्ण टिकत नाही, कारण सुटकेचा कागद नसलेला काळा माणूस तिथेही पकडला जाई. पण ‘वाटणं’ आणि ‘करणं’ यांतला फरक तिने दाखवला, तो विसरता येत नाही.

टोनी मॉरिसनची प्रस्तावना ट्वेनच्या समग्र साहित्याच्या ऑक्सफर्ड आवृत्तीत आहे. पहिल्या वाचनात आपल्याला भीती वाटली, इथून ती सुरुवात करते आणि त्या भीतीचा माग काढत जाते. हक किती एकटा, किती उदास, मरणाच्या विचारांनी किती वेढलेला आहे, हे तिच्याआधी इतक्या स्पष्टपणे मला कोणी दाखवलं नव्हतं. त्याला भीतीशिवाय जगायला काय हवं, या प्रश्नाचं तिचं उत्तर आहे: जिम. ती पुस्तकातल्या गप्प बसण्याच्या जागा शोधते. नदीत वाहत आलेल्या घरातलं प्रेत हकच्या बापाचं आहे, हे जिम शेवटच्या प्रकरणापर्यंत सांगत नाही. का? माया म्हणून, की गोरा सोबती हातचा जाऊ नये म्हणून? ती पुस्तकाला माफ करत नाही आणि टाकूनही देत नाही. शाळांतून पुस्तक काढणं हे मुलांना शिकवण्यापेक्षा मोठ्यांची समजूत घालण्यासाठी असतं, असं ती ठणकावते.

2011मध्ये ट्वेनचा अभ्यासक अॅलन ग्रिबनने काळ्यांसाठीचा तो अपमानकारक शब्द काढून जागोजागी ‘गुलाम’ घातलेली आवृत्ती केली. ती घेऊ नका. शब्द गेला की हकच्या तोंडात तो कोणी घातला, हा प्रश्नही जातो.

पर्सिव्हल एव्हरेटची ‘जेम्स’ (2024) ही कादंबरी आहे, पण तिला मी समीक्षाच मानतो. यात जिम सांगतो. आपसात गुलाम शुद्ध इंग्रजी बोलतात आणि गोऱ्यांपुढे मुद्दाम मोडकी भाषा वापरतात, म्हणजे एलिसनचा मुखवटा इथे जिमच्याच हातात येतो. तिला नॅशनल बुक अवॉर्ड आणि पुलित्झर मिळालं. मूळ कादंबरी ताजी असतानाच वाचावी, नाहीतर अर्धा आनंद निसटतो.

ट्वेनला हे सारं किती कळत होतं, असा प्रश्न स्मायली वाचल्यावर छळतो. त्याचा एक धागा मुंबईत सापडतो. जानेवारी 1896मध्ये साठ वर्षांचा ट्वेन वॉटसन हॉटेलात उतरला होता. तिथे एका जर्मन माणसाने नोकराच्या थोबाडीत मारली आणि नोकराने ती मुकाट सोसली. ‘फॉलोइंग द इक्वेटर’मध्ये ट्वेन लिहितो की असं पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या क्षणी त्याला घरातल्या गुलाम पोरावर हात उगारणारे स्वतःचे वडील आठवले, आणि क्षुल्लक चुकीसाठी लोहखनिजाच्या दगडाने मारला गेलेला एक गुलामही.

तर वेळ एकाच लेखापुरता असेल तर मॉरिसन. दोन जमत असतील तर सोबत मार्क्स. पुस्तकावर आधीच चिडला असाल तर स्मायलीपासून सुरुवात करा, पण तिच्यावर थांबू नका. मॉरिसन वाचून झाल्यावर तेविसावं प्रकरण पुन्हा उघडा. पहाटे तराफ्यावर जिम आपल्या चार वर्षांच्या लिझाबेथची गोष्ट सांगतो. दार लाव म्हटलं तरी ती नुसती उभी राहिली, म्हणून त्याने तिला मारलं. मग वाऱ्याने तिच्या मागेच ते दार धाडकन आपटलं आणि पोर जराही हलली नाही.