हात चावणाऱ्या पिल्लासाठी घरी येणारी ट्रेनर: चार सेशन, सहा आठवडे

आमची भिंगरी, कुत्र्याचं पिल्लू, आठ आठवड्यांची असताना घरी आली. पहिले तीन दिवस नुसती झोपली आणि चौथ्या दिवसापासून आमचे हात चावायला लागली. घरात नाना आहेत, माझे सासरे. वय 81. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत आणि हातांची कातडी इतकी नाजूक झालीये की साधा ओरखडा उठला तरी रक्त थांबायला वेळ लागतो. पिल्लू हवं होतं ते नानांनाच. आणि त्यांनाच हात पाठीमागे बांधून बसावं लागत होतं.

आधी एका ट्रेनरला बोलावलं होतं, त्याबद्दल थोडक्यात सांगते. त्याने पहिल्याच दिवशी चावली की तोंड दाबून धरायला आणि नाकावर टिचकी मारायला शिकवलं. आम्ही आठवडाभर तसं केलं. चावणं कमी झालं नाहीच, पण हात डोक्याकडे गेला की भिंगरी मान खाली घालून मागे सरकायला लागली आणि एकदा घशातून गुरगुरली. दहा-अकरा आठवड्यांचं पिल्लू माणसाच्या हाताला घाबरतंय हे बघून मला रात्री झोप लागली नाही. त्याला येणं बंद करायला सांगितलं.

मग ही सेवा मिळाली. ट्रेनर ताई घरी येतात, तासाभराचं एक अशी चार सेशन होतात, मध्ये फोनवर विचारता येतं.

पहिल्या सेशनला त्यांनी जवळजवळ वीस मिनिटं भिंगरीला हातही लावला नाही. वही काढली आणि ती किती वाजता उठते, कधी खाते, कधी झोपते, कधी चावते ते सगळं विचारून लिहून घेतलं. बेरीज केली तर झोप भरली जेमतेम अकरा तास. या वयाच्या पिल्लाला दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते. संध्याकाळी सात ते नऊ ती अंगात आल्यासारखी धावायची, पायाला लटकायची, बाह्या ओढायची, आणि आम्ही समजत होतो की हिची मस्ती जिरलेली नाही, म्हणून अजून खेळवत होतो. प्रत्यक्षात ती दमून गेलेली असायची. रडवेल्या बाळाला अजून नाचवावं तसं आमचं चाललं होतं. ताईंनी सांगितलं, तासभर जाग, मग दोन तास अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात क्रेटमध्ये, म्हणजे तिच्या पिंजऱ्यात, विश्रांती. पाचव्या दिवशी संध्याकाळचा गोंधळ निम्म्यावर आला. बाकी काहीही न शिकवता. या एका गोष्टीसाठीही मी त्यांना पैसे दिले असते.

दुसरं सेशन हातांचं. पिल्लाने दात लावले की आपण हात झटकन मागे खेचतो. तिच्यासाठी ते पळणारं सावज. शिवाय दुधाचे दात सुईसारखे, त्यामुळे खेचल्यानेच कातडी फाटते. ताईंनी आधी आम्हाला हात जागच्या जागी सैल सोडायला शिकवलं. मग काही न बोलता उठायचं, बेबी गेटच्या (दारात लावायच्या बुटक्या फाटकाच्या) पलीकडे जायचं, मनात पंधरा-वीस आकडे मोजायचे आणि परत यायचं. त्याहून जास्त वेळ नाही, कारण आपण का गेलो हेच पिल्लू विसरतं. कळवळून ओरडा म्हणजे भावंडांसारखं कळतं, असं बरेच जण सांगतात. काही पिल्लांना कळतही असेल. भिंगरी मात्र ओरडल्यावर दुप्पट चेकाळायची, म्हणून आमच्याकडे ते बंद केलं.

मुठीचा खेळ मला सगळ्यात आवडला. बंद मुठीत तिच्या खाण्याचे चार दाणे ठेवायचे आणि मूठ तिच्या नाकासमोर धरायची. आधी तिने दात लावले, मग पंजा मारला, मग चाटलं. मूठ उघडत नाही म्हटल्यावर ती क्षणभर थांबली, तोंड मागे घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. त्याच क्षणी मूठ उघडायची, तळवा सपाट ठेवायचा. चौथ्या खेपेला ती मूठ दिसताच मागे सरकून बसली. हात म्हणजे टिचकी हा तिच्या मनातला हिशेब पुसायला याचाच उपयोग झाला, असं मला वाटतं.

तिसऱ्या सेशनला खेळणी. आतून पोकळ रबरी खेळण्यात ओलं खाणं भरून फ्रीझरमध्ये ठेवायचं. जाड सुती फडकं भिजवून, पीळ देऊन गोठवायचं, पण ते आपल्या देखरेखीखालीच द्यायचं, कारण धागे सुटून पोटात गेले तर आतड्यात अडकतात. च्यू टॉय, म्हणजे चघळायचं खेळणं, विकत घेताना त्यावर नख दाबून बघायचं. नख जरासुद्धा रुतत नसेल तर दात तुटू शकतो, नको. साधारण चार महिन्यांपासून 28 दुधाचे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांत 42 पक्के येतात. तोवर हिरड्या शिवशिवणारच, तेव्हा चघळायला द्यावंच लागतं.

आता न पटलेलं. त्यांनी सुचवलेला कडू स्प्रे आमच्याकडे अगदी वाया गेला. टेबलाच्या पायावर मारला तर भिंगरीने तो चाटून साफ केला. लेखी आराखडा पहिल्या सेशननंतर मिळणार होता, तो दोन आठवड्यांनी आला. फोन संध्याकाळी सातनंतर उचलत नाहीत, आणि आमची अडचण नेमकी तेव्हाचीच. सगळ्यात मोठी तक्रार मात्र वेगळी आहे. तिसऱ्या आठवड्यात चावणं अचानक वाढलं, आधीपेक्षा जोरात. नवरा म्हणाला, हे काही जमत नाहीये. दुसऱ्या दिवशी फोन केल्यावर ताई म्हणाल्या की जुनी युक्ती चालेनाशी झाली की पिल्लू एकदा जीव तोडून तीच करून बघतं, चार-पाच दिवस टिकून राहा. तसंच झालं. पण हे आधी सांगायला हवं होतं. आम्ही त्या आठवड्यात सोडून दिलं असतं तर जोरात चावलं की जमतं, एवढंच ती शिकली असती.

घरात कुणी एकजण जरी मोकळ्या हाताने पिल्लाशी झोंबाझोंबी खेळत असेल तर पैसे घालवू नका. आमच्याकडे तो माझा धाकटा होता. त्याला हातभर लांब दोरीचं खेळणं दिलं आणि भिंगरी अंगावर आली की हात छातीशी घेऊन झाडासारखं उभं राहायला शिकवलं. पिल्लू खाण्याच्या भांड्याशी ताठरून गुरगुरत असेल, डोळे रोखत असेल, तर ते दात शिवशिवणं नव्हे. आधी व्हेटला दाखवा. आणि दात लागून रक्त आलं तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने जखम धुऊन डॉक्टरांकडे जा, पिल्लू घरचं असलं तरी. रेबीजची लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर मिळते, आणि चावायचं वय त्याच्या आधीच सुरू होतं.

चौथं सेशन ताईंनी नानांच्या खुर्चीजवळ घेतलं. भिंगरीला लीश (गळ्यातल्या पट्ट्याची दोरी) लावून मी धरली होती. नानांनी मूठ पुढे केली, हात थरथरत होता. ती नाक लावून थांबली, मागे सरकली, बसली. त्यांनी मूठ उघडली. दाणे उचलून झाल्यावरही ती तळवा चाटत राहिली आणि नाना दुसऱ्या हाताने तिचा कान चोळत राहिले. आता ती सात महिन्यांची आहे. दुपारी त्यांच्या पायाशी झोपते, आणि नानांच्या हातांवर गेले दोन महिने एकही ओरखडा नाही.