बाम, बोटांचे मोजे आणि पेपर टेप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

लांब धावताना कातडी काचू नये आणि पायांना फोड येऊ नयेत म्हणून घेतलेल्या या तीन वस्तूंचा अनुभव लिहायला मी मुद्दाम आठ महिने थांबलो. नवी वस्तू पहिल्या दोन आठवड्यांत बहुधा चांगलीच वाटते. तिचे गुण-दोष कळतात ते अंतर वाढल्यावर, कपडे घामाने चिंब झाल्यावर आणि एखाद्या दिवशी आपण ती घाईघाईत लावल्यावर. या काळात माझे सुमारे १८०० किलोमीटर धावणे झाले. त्यात एक मॅरेथॉन, एक ५० किलोमीटरची अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब शर्यत) आणि बहुतेक प्रत्येक आठवड्याला २५ ते ३२ किलोमीटरची एक लांब धाव होती. तिन्ही वस्तू मी पदरच्या पैशांनी घेतल्या असून कंपन्यांची नावे येथे देत नाही, कारण माझे म्हणणे वस्तूच्या प्रकाराबद्दल आहे आणि तो प्रकार अनेक कंपन्या बनवतात.

आधीची अवस्था सांगायला हवी. पंधरा किलोमीटरच्या आत मला काही होत नसे. त्यापुढे मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेच्या पुढच्या कडेला आणि छातीवर बनियन घासते तेथे कातडी काचू लागे. धावताना ते फारसे जाणवत नसे. घरी येऊन अंगावर पहिला तांब्या ओतला की मात्र कुठे कुठे सोलवटले आहे, याचा पूर्ण नकाशा एका क्षणात कळे. पायांचे दुखणे वेगळे होते. उजव्या चवड्याखाली अंगठ्याच्या मुळाशी आणि डाव्या करंगळीच्या बाजूला पाण्याचे फोड येत. या सगळ्यावर माझा एकच उपाय होता, तो म्हणजे व्हॅसलिन, डोक्यापासून पायापर्यंत जिथे दुखेल तिथे. हीच माझी मूळ चूक होती आणि ती उमगायला मला बामची एक कांडी पूर्ण संपवावी लागली.

बाम म्हटले की आपल्याला डोकेदुखीवरचा आठवतो; हा तो नव्हे. डिओडरंटच्या कांडीसारखी दिसणारी, मेण आणि वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांची ही कांडी असते, आणि ती कातडीवर फिरवली की एक पातळ, जवळजवळ कोरडा वाटणारा थर बसतो. मांड्यांसाठी तिने जे केले त्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन. कातडीवर कातडी किंवा कातडीवर कापड घासते तेथे वरचा थर हळूहळू खरवडला जातो, आणि घाम वाळून उरलेले मिठाचे बारीक कण ते काम अधिकच चोख करतात. मधे घसरडा थर असला की ही खरवड थांबते. व्हॅसलिनही हेच करते, पण ते कपड्यात लवकर शोषले जाते, त्याचे डाग पडतात आणि हात चिकट झाले की पाण्याची बाटलीही धड धरता येत नाही. कांडीने हात अजिबात भरत नाहीत.

तिची मर्यादा वेळेची आहे. कोरड्या हवेत एकदा लावलेला थर मला साधारण तीन तास पुरतो आणि दमट हवेत दोन तासांनीच मांड्या चुणचुणू लागतात. मॅरेथॉनला मी चार तासांहून अधिक वेळ घेतो, त्यामुळे कांडीचा बोटभर तुकडा कापून, छोट्या पिशवीत घालून कमरपट्ट्यात ठेवतो आणि अर्ध्या वाटेवर पुन्हा लावतो. लावण्याची वेळही महत्त्वाची आहे. आंघोळीनंतर कातडी पूर्ण कोरडी झाल्यावर लावलेला थर टिकतो. घाम आल्यावर घाईने फिरवलेली कांडी नुसती वरवर सरकते आणि काही पदरात पडत नाही. कमरपट्टा पाठीवर जेथे टेकतो ती जागा सुरुवातीला मी हमखास विसरत असे. शिवाय कांडी हा उपायाचा अर्धाच भाग आहे. सुती बनियन सोडून घाम न धरणारे कापड वापरू लागलो आणि धावण्याची चड्डी मांडी पूर्ण झाकेल इतकी लांब घेतली, तेव्हा कुठे काखेचा प्रश्न संपला आणि मांड्यांसाठी कांडी कमी लागू लागली.

छातीच्या बाबतीत मात्र तिने निराशा केली. स्तनाग्रे घासून रक्त येणे ही लांब धावणाऱ्या पुरुषांची जुनी तक्रार आहे. १९७७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ‘जॉगर्स निपल्स’ या नावाने तिची नोंदही झाली. पांढऱ्या बनियनवर दोन तांबडे ओघळ घेऊन अंतिम रेषा ओलांडण्याचा मान मलाही मिळाला आहे. तेथे बाम दीड तासही टिकला नाही. आता तेथे पेपर टेपचे दोन छोटे तुकडे लावतो आणि त्या विषयाचा विचारही करत नाही.

आता पायांकडे येतो. मांड्यांचा अनुभव इतका चांगला होता की मी तीच कांडी ३० किलोमीटरच्या धावेआधी दोन्ही तळव्यांवर सढळ हाताने फिरवली. पहिला तासभर पाय अगदी मऊ, हलके वाटत होते. विसाव्या किलोमीटरच्या पुढे उजवा चवडा तापू लागला, पंचविसाव्याला प्रत्येक पावलागणिक खाली वाटाणा ठेवल्यासारखे वाटू लागले, आणि घरी मोजा काढला तेव्हा आधी कधीही आला नव्हता एवढा, रुपयाहून मोठा फोड तेथे होता. मोजा ओला, मेणचट आणि तळव्याखाली गोळा झालेला होता.

फोड कसा येतो, हे मी त्यानंतर नीट वाचले, आणि ते समजून घेण्यासाठी एक साधा प्रयोग पुरेसा आहे. एका हाताचे बोट दुसऱ्या हाताच्या पाठीवर टेकवून, ते घसरू न देता पुढे-मागे हलवा. बोटाखालची कातडी बोटाबरोबर जाते आणि खालचे हाड जागीच राहते. म्हणजे घासले काहीच जात नाही, पण मधले थर दोन्हीकडे ओढले जातात. बुटात याच्या उलट घडते. तळव्याची कातडी मोज्याला आणि मोजा बुटाला धरून राहतो, आणि प्रत्येक पावलाला आतले हाड सरकत असते. हा ताण हजारो वेळा पडला की बाह्यत्वचेच्या आत, पृष्ठभागाच्या खाली, एक फट पडते आणि तिच्यात पाणी भरते. म्हणूनच फोड तळवा, टाच आणि तळहात अशा जाड कातडीवर येतात. मांडीची पातळ कातडी त्याआधीच सोलवटून निघते. काचणे वरून खाली जाते आणि फोड आत तयार होतो, या दोन दुखापती मुळातच निराळ्या आहेत.

त्यात ओल भर घालते. पी. एफ. डी. नेलर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपासून हे माहीत आहे की पूर्ण कोरड्या किंवा पूर्ण भिजलेल्या कातडीपेक्षा अर्धवट ओलसर कातडी टेकलेल्या वस्तूला जास्त धरून राहते, आणि बुटातला पाय बहुतेक वेळ याच मधल्या अवस्थेत असतो. स्निग्ध थर सुरुवातीला ही पकड कमी करतो खरा. पण तो मोज्यात जिरल्यावर आणि त्याने कातडी मऊ केल्यावर काही तासांत घर्षण मूळच्यापेक्षाही वाढू शकते. माझा पहिला तास मऊ आणि तिसरा असह्य का गेला, याचे उत्तर मला येथे मिळाले. त्या दिवसापासून तळव्यांवर बाम बंद केला आहे.

बोटांचे मोजे, म्हणजे हातमोज्याप्रमाणे पायाच्या प्रत्येक बोटाला वेगळी खोळ असलेले, मी करंगळीसाठी घेतले. करंगळी शेजारच्या बोटाखाली दबते आणि दोघींच्या मधे ओल साचते. मधे कापड आले की कातडी कातडीला चिकटत नाही. चौथ्या बोटाच्या बाजूचा फोड पहिल्याच महिन्यात बंद झाला आणि पुन्हा आला नाही. तक्रारी आहेत. ते घालायला वेळ लागतो, विशेषतः पहाटे अर्धवट झोपेत दोन बोटे एकाच खोळीत गेली की माणूस स्वतःवरच चिडतो. बुटात बोटांना जरा जास्त जागा लागते. माझा जुना बूट त्यांच्यासह चावू लागला आणि अर्धा नंबर मोठा घ्यावा लागला. तीन जोड्यांपैकी दोन चौथ्या-पाचव्या महिन्यात अंगठ्याच्या टोकाशी विरले. मजा अशी की चवड्याखालच्या फोडाला या मोज्यांचा काडीइतकाही उपयोग झाला नाही, कारण तेथे बोटांमधल्या घर्षणाचा संबंधच नव्हता.

चवडा सुटला तो पेपर टेपमुळे. जखमेवरची मलमपट्टी धरून ठेवायला वापरतात ती ही साधी, स्वस्त, कमी चिकट पट्टी. तिच्याकडे वळलो ते एका अभ्यासामुळे. सहा टप्प्यांत २५० किलोमीटर धावणाऱ्या १२८ धावपटूंवर ग्रँट लिपमन आणि सहकाऱ्यांनी हा अभ्यास केला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका पायाच्या काही भागावर टेप लावून त्याच पायाच्या उघड्या भागाशी तुलना केली, तेव्हा टेप लावलेल्या जागी फोडांचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी आढळले. याच संशोधकांच्या आधीच्या अभ्यासात मात्र टेपचा फायदा दिसला नव्हता, हेही नमूद करतो, कारण लोक अनेकदा सोयीचा तेवढाच निष्कर्ष सांगतात.

टेप लावणे हे हस्तकौशल्याचे काम आहे आणि त्यात मी दोनदा तोंडघशी पडलो. पहिल्यांदा चौकोनी तुकडा लावला. त्याचा एक कोपरा मोज्याला अडकून उचकटला आणि गुंडाळी होऊन तळव्याखाली खड्यासारखा रुतत राहिला. दुसऱ्यांदा पाय सैल ठेवून टेप लावली. पाय टेकल्यावर चवडा पसरला, तिथे सुरकुती पडली आणि सुरकुतीच्या रेषेवरच फोड आला. आता आदल्या रात्री पाय धुऊन, कोरडा करून, बोटे वर वळवून कातडी ताणलेली ठेवतो. तुकड्याचे चारही कोपरे कात्रीने गोल करतो, टेप न ओढता नुसती टेकवतो आणि अंगठ्याने मधून कडेकडे मिनिटभर घासतो, म्हणजे अंगाच्या उबेने ती नीट बसते. एकच थर पुरतो. काढताना घाई करायची नाही. कोमट पाण्यात पाय बुडवला की ती आपणहून सुटते. ही पट्टी फारशी चिकट नाही हाच तिचा गुण आहे. खाली न कळता फोड आला असेल, तरी काढताना त्याची कातडी सोबत निघून येत नाही. जाड, चिवट पट्टीने माझे एकदा तेही झाले आहे.

मधे पायांना घाम रोखणारे औषधही लावून पाहिले. त्यामागेही अभ्यास आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकी सैनिकी अकादमीच्या छात्रांना २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण सलग पाच रात्री लावण्यास सांगून २१ किलोमीटर चालवले, तेव्हा औषध लावणाऱ्यांत २१ टक्क्यांना आणि इतरांत ४८ टक्क्यांना फोड आले. पण त्याच अभ्यासात औषध लावणाऱ्या ५७ टक्के जणांना कातडीचा त्रास झाला. मी त्या ५७ टक्क्यांतला निघालो. चौथ्या रात्री तळवे इतके खाजले की प्रकरण तेथेच मिटवले.

५० किलोमीटरच्या दिवशी तिन्ही वस्तू एकत्र होत्या. एकतिसाव्या किलोमीटरला डाव्या टाचेच्या मागे, जेथे मी काहीच लावले नव्हते, कातडी तापल्यासारखी वाटली. पूर्वी मी दात-ओठ खाऊन धावत राहिलो असतो. या वेळी कडेला बसलो, मोजा काढला, तांबूस झालेली जागा पुसून कोरडी केली आणि पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळून आणलेल्या टेपचा तुकडा लावला. बुटाच्या सर्वांत वरच्या, एरवी रिकाम्या राहणाऱ्या भोकांतून नाडी फिरवून टाच घट्ट धरली. सहा मिनिटे गेली. फोड आला नाही. टाच बुटात वर-खाली होत असेल तर कोणताही लेप किंवा मोजा फार काळ तग धरत नाही, हे नाडी बांधायला शिकल्यावरच पटले.

इतके करूनही फोड आलाच, तर लहान आणि न दुखणारा फोड मी फोडत नाही. चालताना ताण पडणारा मोठा फोड असेल तर हात धुऊन, निर्जंतुक केलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढतो आणि वरची कातडी तशीच ठेवून झाकतो. नवी कातडी तयार होईपर्यंत तीच सर्वांत चांगली पट्टी असते. लाली पसरू लागली, पू झाला किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असणाऱ्यांनी हे घरगुती उद्योग करूच नयेत. क्षुल्लक वाटणाऱ्या फोडाचे काय होऊ शकते, याचे उदाहरण कॅल्व्हिन कूलिज यांच्या सोळा वर्षांच्या मुलाचे आहे. वडील अमेरिकेचे अध्यक्ष असताना, १९२४ मध्ये, तो मोजे न घालता टेनिस खेळला, पायाला फोड आला, त्यात जंतुसंसर्ग झाला आणि आठवडाभरात तो गेला. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर चार वर्षांनी लागला.

पुन्हा विकत घेणार का, असे कोणी विचारले तर बाम नक्की घेईन, पण फक्त कमरेच्या वर आणि मांड्यांसाठी. पेपर टेपची गुंडाळी आता बुटांच्या पिशवीतून बाहेर निघत नाही. बोटांचे मोजे ज्यांची बोटे एकमेकांवर चढतात त्यांनी घ्यावेत. इतरांना पातळ, घाम न धरणारे साधे मोजे पुरतील. माझ्या डाव्या करंगळीच्या बाहेरच्या कडेला, नखाजवळ, तिसाव्या किलोमीटरनंतर अजूनही एक छोटा फोड येतो. तेथे टेप टिकत नाही आणि मोज्याचीही मात्रा चालत नाही. पुढचा बूट पुढून आणखी रुंद घेऊन पाहणार आहे.